पलीकडची खुर्ची

९ सप्टेंबर

भोंग्या,

आशीर्वाद आहेतच. ते तुझ्या मतांवर अवलंबून नाहीत, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील.

जूनपासून तू घरी फिरकला नाहीस आणि फोनही बाबांच्याच नंबरवर करतोस. बाबा फोन घेऊन गच्चीवर जातात आणि खाली येऊन 'हवामानाबद्दल बोलत होता' असं सांगतात. ह्या माणसाने जन्मभर दातांच्या खुर्चीतल्या लोकांना 'अजिबात दुखणार नाही' असं सांगितलं, तरी त्याला खोटं बोलता येत नाही. कान लाल होतात.

तर तुला दुसरीकडून कळण्याआधी मीच कळवते. नव्या संरक्षण धोरणाच्या मसुद्यावर तुमच्या संसदीय समितीपुढे साक्ष द्यायला सरकारने मला बोलावलं आहे आणि मी हो म्हटलं आहे. मसुद्याच्या बाजूने. म्हणजे एका बाजूला मी, सैन्याच्या रसद खात्यातून निवृत्त झालेली बाई, आणि समोर समितीतला सगळ्यात तरुण आणि सगळ्यात मोठ्या आवाजाचा सदस्य, ज्याला मीच जन्म दिला. जन्मलास तेव्हा रडून सगळा दवाखाना गोळा केला होतास, म्हणून तर भोंगा नाव पडलं. नर्स म्हणाली होती, हा पुढारी होणार. मी तिला म्हटलं, शुभ बोला.

तुझं भाषण रेडिओवर ऐकलं. 'सैन्य जितकं मोठं, तितकी त्या देशाची भीती मोठी.' टाळ्या बऱ्याच पडल्या. मी बटाटे सोलत होते, सालीबरोबर अर्धा बटाटा गेला. वाक्य चांगलं होतं. खरं आहे का, ते आपण समितीत बघू.

काल नळ दुरुस्त करायला माणूस आला होता. काम झाल्यावर हात पुसत पुसत तो नेमका स्वयंपाकघरातल्या एका हाताच्या खुर्चीवर टेकायला गेला आणि मी ओरडले. बिचाऱ्याच्या हातून पाना पडला. मग त्याला चहा दिला आणि सगळी कथा सांगावी लागली. की मी अधिकाऱ्यांच्या शाळेत शिकवायला होते तेव्हा तिथे एक रीत होती. कुठलीही योजना तयार झाली की वर्गातला सगळ्यात हुशार अधिकारी निवडायचा आणि त्याला ह्या खुर्चीत बसवायचं. बसला की तो शत्रू. आपल्याच योजनेतली भोकं त्याने शोधायची. आणि योजना करणाऱ्याला स्वतःला एखादं भोक आधीच दिसलं, तर ते त्याने खुर्चीतल्या माणसाला आपणहून सांगायचं, लपवायचं नाही. लपवलंस तर वर्गात तू जिंकशील आणि पुढे कधीतरी कुणीतरी मरेल. त्या शाळेतून माझी बदली झाली तेव्हा पोरांनी ती खुर्चीच मला भेट दिली, कारण तिचा दुसरा हात माझ्याच मुठी आपटून तुटला होता.

मग आपल्या घरची रीतही सांगितली. भांडण झालं की त्या खुर्चीत बसायचं आणि समोरच्याची बाजू मांडायची, आणि समोरचा 'हो, हेच माझं म्हणणं' असं कबूल करेपर्यंत उठायचं नाही. तुला कुत्रा हवा होता आणि मला मुळीच नको होता. मी खुर्चीत बसून तुझी बाजू इतकी मन लावून मांडली की शेवटी मलाच पटली, आणि कुत्रा घरात आला. पुढे त्याने जन्मभर फक्त माझ्याच चपला खाल्ल्या. नळवाला हसला, मग पाना पिशवीत ठेवत म्हणाला, "बाई, असली खुर्ची आमच्याकडे असती तर मी आणि माझा भाऊ आज बोलत असतो."

जूनमध्ये तू त्या खुर्चीत बसला नाहीस.

आपल्या चिंगीच्या बदलीचा हुकूम आला होता. बिनतारी संदेशाची अधिकारी म्हणून वरच्या खिंडीतल्या चौकीवर. तू म्हणालास, "आई, तुझा एक फोन पुरेल. तुझ्या हाताखाली शिकलेली माणसं आज वरच्या जागांवर बसली आहेत." मी म्हटलं, मी फोन केला तर चिंगी खाली राहील आणि दुसऱ्या कुणाची तरी चिंगी वर जाईल. तू म्हणालास, "तुला पोरीपेक्षा खिंड प्यारी आहे," आणि भरलं ताट टाकून निघून गेलास. फोन मी आजही करणार नाही. पण ते वाक्य माझ्या घशात अडकलंय भोंग्या, पाणी प्यायले तरी खाली जात नाही.

चिंगी मजेत आहे. परवा फोनवर सांगत होती, वर थंडी सुरू झाली आहे, त्यामुळे सगळे एकाच खोलीत अंथरुणं टाकतात, गप्पा, गाणी, नुसता धिंगाणा. तू काळजी करू नकोस.

तुझ्या विरोधी पक्षातली,
आई


२२ सप्टेंबर

भोंग्या,

तुझा ड्रायव्हर बाबांच्या डोळ्यांचे थेंब देऊन गेला. चिठ्ठी नाही, निरोप नाही. मी त्याला विचारलं, साहेब काही म्हणाले का? तो म्हणाला, "साहेब म्हणाले, काही विचारलं तर काही म्हणालो नाही असं सांग." प्रामाणिक पोरगा आहे, सांभाळून ठेव.

पण पिशवीच्या तळाशी गुडघ्याला लावायचं मलम निघालं. बाबांचे गुडघे ठणठणीत आहेत. मलम लावून बसले आहे आणि लिहिते आहे. वास भयंकर आहे, गुण चांगला आहे. तुझ्यासारखंच.

तू बसला नाहीस म्हणून मीच खुर्चीत बसले. एकटीने बसण्यात अर्थ नाही, म्हणून बाबांना पंच केलं. ते कुणाच्या तरी कवळीला कानस मारत होते. निवृत्त झाल्यावरही शेजारपाजारच्या कवळ्या त्यांच्याकडे येतातच. म्हणाले, "बोल तू. ह्या घरात माझं धोरण एकच, सगळ्यांनी तोंड उघडावं."

मी तू झाले. म्हणाले, आपण खिंडीत एक चौकी वाढवली की पलीकडचे दोन वाढवतात, मग आपल्याला तिसरी वाढवावी लागते. दोन्हीकडची पोरं एकाच वाऱ्यात कुडकुडतात आणि दोन्हीकडची सरकारं सांगतात की सुरुवात समोरच्याने केली. घराच्या दारात बळकट पहारेकरी ठेवला की माणूस शेजाऱ्याशी बोलायचं सोडून देतो. धोरणात 'मजबूत सैन्य' हे दोन शब्द आले की सगळे माना डोलावतात, आणि 'कशासाठी' असं विचारणाऱ्याला देशाचा वैरी ठरवतात. मी वैरी नाही. मला वाटतं की बोलून सुटणारा प्रश्न माणसं उभी करून वर्षानुवर्षं तसाच ठेवू नये.

आणि शेवटी मी म्हटलं, माझा सैन्यावर राग नाही. माझी बहीण तिथे उभी आहे आणि मी इथे गादीच्या खुर्चीत बसून भाषणं करतो आहे, ह्याचा राग आहे.

बाबांनी कानस खाली ठेवली. म्हणाले, "मुद्दे चांगले मांडलेस. शेवटचा ऐकून माझे डोळे भरून आले, त्यामुळे निकाल देता येत नाही. त्यालाच विचार."

म्हणून विचारते. हेच तुझं म्हणणं आहे का? हो की नाही, एवढंच कळव. तू कबूल करेपर्यंत मला नियमाने उठता येत नाही, आणि ह्या खुर्चीची बैठक दिवसेंदिवस जास्तच टणक होत चालली आहे.

आई


५ ऑक्टोबर

भोंग्या, माझ्या राजा,

कार्ड मिळालं. 'बरंचसं बरोबर. शेवटचा मुद्दा अर्धाच.' एवढ्या दोन वाक्यांवर मी दिवसभर घरात गुणगुणत होते. बाबांनी ते कार्ड फ्रिजवर लावलं आहे, त्या दाढेच्या आकाराच्या चुंबकाखाली. अर्धा कुठला सुटला, ते मात्र लिहिलं नाहीस. अगदीच पुढारी झालास. असू दे. बोलायला लागलास, बाकीचं मी काढून घेईन.

आता मी एक खरं सांगते.

चिंगी मजेत आहे असं मी तुला लिहिलं. सगळे एकाच खोलीत झोपतात, धिंगाणा घालतात, असं ती म्हणाली आणि मी ते जसंच्या तसं तुझ्याकडे उतरवलं. स्वतःलाही तेच सांगत राहिले. पण माझा जन्म गेला रसद खात्यात. चौकीतली माणसं सगळ्या खोल्या सोडून एकाच खोलीत कधी झोपतात, ते मला माहीत आहे. शेगडी एकच पेटत असते तेव्हा. रॉकेल पुरवून पुरवून वापरायचं असतं तेव्हा. चिंगीलाही माहीत आहे की मला माहीत आहे, म्हणून तर 'धिंगाणा' हा शब्द तिने दोनदा वापरला. आणि अजून खरी थंडी तर पुढेच आहे.

त्या दिवसापासून माझ्या जिवाला घोर लागला आहे. मी मसुदा मांडीवर घेतला आणि पुन्हा खुर्चीत बसले, ह्या वेळी माझ्याच विरुद्ध. मसुदा म्हणतो, खिंडीत नव्या तुकड्या पाठवू. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. वाटलं, चिंगीच्या पाठीशी कुणीतरी उभं राहील. पण खालच्या तळापासून खिंडीपर्यंत रस्ता एकच आहे. बर्फ पडून तो बंद होण्याआधी त्यावरून जेवढं वर चढवता येतं तेवढं आज चढतंच आहे, आणि वर नेलेल्या इंधनातलं कितीतरी तर ते चढवणारे ट्रकच पिऊन टाकतात. मसुद्यात माणसांबद्दल पानंच्या पानं आहेत. रस्त्याबद्दल, कोठारांबद्दल एक ओळ नाही.

मग प्रश्न असा उरतो: नवी माणसं वर गेली, तर ती खाणार कुणाच्या वाटचं?

मला ह्याचं उत्तर येत नाही. उत्तरासारखं दिसणारं एक वाक्य मात्र मी बनवून ठेवलं आहे, 'पुरवठ्याचं नियोजन टप्प्याटप्प्याने होईल.' असली वाक्यं मी खात्यात ढिगाने ऐकली आहेत. समितीत ते खपून जाईल, कारण तिथल्या बहुतेकांनी वरचा रस्ता नकाशातच पाहिला आहे. ते वाक्य माझ्या जिभेवर तयार आहे, हेच मला आवडलेलं नाही. म्हणून नियमाप्रमाणे माझ्या योजनेतलं भोक तुझ्या हातात देते. तो प्रश्न मला विचार. सगळ्यांसमोर, तुझ्या त्या भोंग्याच्या आवाजात, आणि वाक्य फेकून मी निसटायला लागले तर निसटू देऊ नकोस.

उगाच हुरळून जाऊ नकोस, माझं मत बदललेलं नाही. देशाला मजबूत सैन्य हवं, हे मी मरेपर्यंत म्हणणार. पण त्या शब्दाखाली माझ्या पोरीची शेगडी विझणार असेल, तर तो शब्द आधी तपासून घ्यायला हवा.

तुझीच,
आई


१८ ऑक्टोबर

भोंग्या,

उद्या साक्ष. आत्ताच कोट इस्त्री केला, बटण घट्ट केलं. कोट जरा आवळतो आहे, तुझे बाबा म्हणतात कापड आटलं. म्हणून तर मी ह्या माणसाशी लग्न केलं.

दोन गोष्टी सांगते. सकाळी काहीतरी खाऊन ये. भुकेल्या पोटी तुझा आवाज चढतो आणि मुद्दा उतरतो. आणि मला आई म्हणून बघू नकोस. मी साक्षीदार आहे. मऊ पडलास तर खरंच रागावेन.

प्रश्न लक्षात आहे ना?

आई


२० ऑक्टोबर

गाढवा,

काल जे झालं ते तू पाहिलंस, पण तुझ्या बाजूने. बाबांनी रेडिओवर ऐकलं, त्यांना चेहरे दिसले नाहीत. माझ्या जागेवरून काय दिसलं, ते मीच लिहायला हवं.

तुमची ती खोली अगदीच गार आहे. पाण्याचा पेला, त्यावर झाकण, समोर माइक, आणि लांब टेबलाभोवती तुम्ही सगळे. तू अगदी टोकाला बसला होतास. टाय वाकडा होता. मला उठून नीट करावासा वाटला आणि मी माझे हात मांडीखाली दाबून धरले.

मी माझं निवेदन वाचलं. चांगलं वाचलं. दोघातिघांनी सोपे प्रश्न विचारले, मी सोपी उत्तरं दिली. मग अध्यक्षांनी तुझ्याकडे पाहिलं. पत्रकारांच्या रांगेतले सगळे सरसावून बसले, कारण आई आणि मुलगा, दोन बाजू, त्यांना आणखी काय हवं? मीही पाठ ताठ केली. आणि तू म्हणालास, "साक्षीदारांचा अनुभव फार मोठा आहे. मला प्रश्न नाही."

भोंग्या, जन्मल्यापासून पहिल्यांदा तुझा आवाज बारीक झाला आणि तोही नेमका नको तेव्हा.

अध्यक्ष माझे आभार मानायला लागले. सरकारी बाजूचे सचिव कागद गोळा करू लागले. उठून गेले असते तर सगळं सुरळीत पार पडलं असतं, ते तयार वाक्यसुद्धा वापरावं लागलं नसतं. खरं सांगते, एकदा उठायचं मनातही आलं. मग मला चिंगीची ती एक खोली दिसली.

मी म्हटलं, "अध्यक्ष महोदय, एक प्रश्न राहिला आहे."

"कोणत्या सदस्यांचा?" त्यांनी विचारलं.

"माझा. मलाच विचारायचा आहे."

त्यांनी चष्मा काढला. नको म्हणावं की हो, हे त्यांना ठरवता येईना, म्हणून मी परवानगी मिळाली असं धरून चालले. मी प्रश्न विचारला. नवी माणसं वर गेली, तर ती खाणार कुणाच्या वाटचं? आणि मीच उत्तर दिलं, "मला माहीत नाही. मसुदा लिहिणाऱ्यांनाही माहीत नाही. आज वर जी माणसं आहेत, त्यांनाच शेगडी पुरवून वापरावी लागते आहे."

सचिवांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. पण त्यांच्यापेक्षा मला भीती वाटली ती तुझ्या शेजारच्या त्या टक्कल पडलेल्या सदस्याची. तो आनंदाने उभाच राहिला. "म्हणजे सरकारची साक्षीदारच सांगते आहे की सैन्य वाढवू नका! मजबूत सैन्याचं हे सगळं खूळ गुंडाळून ठेवा!" टेबलावर हात आपटले गेले. मी सांगायला गेले की मला तसं म्हणायचं नाही, पण साक्षीदाराचा माइक तुमच्याकडे बटणावर चालतो आणि ते बटण कुणीतरी बंद केलं होतं. माझे ओठ हलत होते आणि आवाज नव्हता. आयुष्यभर केलेल्या कामाचा कुणीतरी माझ्या डोळ्यांदेखत चुराडा करत होतं.

तेव्हा तू उभा राहिलास. आणि आवाज आला, दवाखाना गोळा करणारा.

"थांबा," तू म्हणालास. "ती तसं म्हणत नाही. साक्षीदार तसं म्हणत नाहीत. त्यांचं म्हणणं मी सांगतो."

मग तू जे बोललास, ते मी शब्दाला शब्द लिहून ठेवते आहे, कारण म्हातारपणी मला ते वाचायचं आहे. तू म्हणालास, "त्या म्हणतात, आपण बोलणी करायला बसतो तेव्हा समोरचा आपलं तोंड बघत नाही, आपल्या मागे कोण उभं आहे ते बघतो. मागे कुणीच नसेल तर त्याला बोलणी म्हणत नाहीत, विनवणी म्हणतात. त्या म्हणतात, चौकी कच्ची आहे असं दिसलं की पलीकडच्याला पुढे सरकायचा मोह होतो आणि त्या मोहाची किंमत पुढे उभी असलेली एखादी पोर भरते. सैन्य मजबूत असावं ते लढाईची वेळच येऊ नये म्हणून. पण ज्या चौकीत शेगडी पेटत नाही, तिथे कितीही माणसं उभी केली तरी ती मजबूत होत नाही. आधी रस्ता करा, कोठारं भरा, बूट द्या, मग माणसांचं बोला. धोरणातून सैन्य काढून टाका असं त्या म्हणालेल्या नाहीत. धोरणात ते नुसतं शब्दात ठेवू नका, असं म्हणाल्या आहेत."

आणि तू खाली बसला नाहीस. माझ्याकडे बघत उभा राहिलास. सगळी खोली वाट बघत होती आणि कशाची, ते कुणालाच कळत नव्हतं. मला कळलं. स्वयंपाकघरात उभा राहायचास ना, तस्साच उभा होतास, गुडघ्यावर खरचटलेला, कुत्रा मागणारा.

कुणीतरी माझं बटण चालू केलं. मी म्हटलं, "हो. हेच माझं म्हणणं."

अध्यक्ष म्हणाले, "मला आता काहीच कळेनासं झालं आहे. सरकारची साक्षीदार मसुद्याच्या विरुद्ध बोलते, विरोधी सदस्य सैन्याच्या बाजूने बोलतात. आपण दोघं नक्की कुणाच्या बाजूचे?" नोंद घेणारी मुलगी लिहायचं थांबून आपल्याकडे आळीपाळीने बघत होती. मला हसू येत होतं आणि डोळे पुसायला रुमाल सापडत नव्हता.

नंतर जिन्याजवळ तू भेटलास. मी तुझा टाय नीट केला आणि मग ओरडले, हा क्रम तुझ्या लक्षात आला असेल. "प्रश्न तुझ्या हातात दिला होता ना मी?"

"म्हणूनच नाही जमलं," तू म्हणालास. "तू विश्वासाने दिलेला प्रश्न तुझ्यावरच उगारायचा? सगळ्यांसमोर?"

"अरे, ह्यासाठीच तर दिला होता."

"माहीत आहे. तरी नाही जमलं."

मग जिन्याच्या कठड्याकडे बघत तू त्या कार्डाचं सांगितलंस. शेवटच्या मुद्द्याचा अर्धा राहिलेला भाग. म्हणालास, "राग आहे, ते बरोबर होतं. पण चिंगी वर गेल्यापासून मला रोज वाटतं की तिच्या मागे भरपूर माणसं उभी असावीत. आणि हे मला कुठल्याच भाषणात म्हणता येत नाही." पुढे काही बोलायच्या आत तुझ्या पक्षातले लोक तुला ओढत घेऊन गेले. मी त्या जिन्यावर उभी राहिले आणि जूनपासून घशात अडकलेलं ते वाक्य खाली गेलं. पाणीसुद्धा लागलं नाही.

तुझी खूप खूप,
आई


१६ नोव्हेंबर

भोंग्या,

तू दिवसातून दोनदा फोन करतोस तरी पत्र लिहिते आहे. सवय लागली. शिवाय फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

पक्षाच्या बैठकीत तुझी चांगलीच खरडपट्टी निघाली, असं बाबांकडून कळलं. पुढच्या वेळी उमेदवारी मिळेल की नाही ह्याची शंका आहे म्हणे. माझंही फार निराळं नाही. खात्यातल्या जुन्या मंडळींपैकी दोघांनी फोन उचलणं बंद केलं आहे, आणि दरवर्षी येणारं संचलनाचं आमंत्रण ह्या वर्षी आलं नाही. बाबा म्हणतात, बरं झालं, तो कोट तसाही आटला होता.

पण संचलनासाठी रंगवून उभे केलेले ट्रक तुमच्या समितीने सरकारला तिथून हलवायला आणि रस्ता बंद व्हायच्या आत वर धाडायला लावले, हे वाचून मी वर्तमानपत्राची घडी घालून उशीखाली ठेवली. मसुदा पुन्हा लिहायला गेला आहे, पहिलं प्रकरण रस्त्याचं आणि कोठारांचं. बोलणीही पुन्हा सुरू होणार असं ऐकते. दोन्ही एकाच वेळी चालू राहणार, तुझंही आणि माझंही. ह्यातून पुढे काय निघेल, ते मला माहीत नाही. हल्ली मला 'माहीत नाही' म्हणायची चटकच लागली आहे.

काल बर्फाने रस्ता बंद झाला. चिंगी आता बर्फ वितळेपर्यंत वरच. हे मी लपवत नाही, मला धास्ती वाटते. सकाळी चहा ओतताना तिचाही कप काढते आणि परत ठेवते.

रविवारी जेवायला ये. जूनमधलं ताट अजून तुझ्या नावावर आहे. खुर्ची पुसून ठेवली आहे, बाबांनी तिला नवा हात बसवून घेतला. आता जरा जपून भांडायला हवं.

आणि हे सगळं लिहायचं कारण म्हणजे काल चिंगीचा फोन आला होता. म्हणाली, "आई, आता आम्ही सगळ्या खोल्यांमध्ये झोपतो. धिंगाणा कमी झाला." एवढं ऐकून मी बाबांना हाक मारली. मग तिने साक्षीच्या दिवसाचं सांगितलं. तिने संदेशयंत्रणेवर रेडिओ लावून दिला होता आणि अख्खी चौकी त्या एका शेगडीभोवती गोळा होऊन ऐकत होती. "तू दादाचं बोलत होतीस आणि दादा तुझं. इथे कुणाला काही समजेना. शेवटी आमच्या स्वयंपाक्याने विचारलं, तुमच्या घरात एवढी भांडणं होतात, तर शेवटी जिंकतं कोण? मी काय सांगितलं असेल, ओळख."

मी म्हटलं, आई. बाबा मागून ओरडले, भोंगा.

"दोघंही चुकलात," ती म्हणाली. "मी सांगितलं, मी."

आई